तीस नळ्या रक्त आणि सहजी न मरणारा पक्षी

५०० शहामृगांच्या कळपात बर्ड फ्लू शिरलाय का, हे शोधायचं आहे. कळपातल्या १० टक्के पक्ष्यांना लागण झालेली असेल, तर ती ९५ टक्के खात्रीने पकडायला २८ पक्ष्यांचं रक्त पुरतं. लागण ५ टक्क्यांतच असेल तर ५६ पक्षी धरावे लागतात. १ टक्क्यात असेल तर २२५, म्हणजे जवळजवळ निम्मा कळप.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण किती शितं चेपून पाहायची हे कशाचा शोध चाललाय यावर ठरतं. पशुवैद्यकातले साथरोगतज्ज्ञ यासाठी एक ठरलेलं सूत्र वापरतात. त्यातून निघणारे आकडे असे:

| कळपातले पक्षी | १० टक्के लागण | ५ टक्के लागण | १ टक्का लागण |
|---|---|---|---|
| १०० | २५ | ४५ | ९५ |
| ५०० | २८ | ५६ | २२५ |
| २,००० | २९ | ५८ | २७७ |

तक्त्यातला १० टक्क्यांचा रकाना वरून खाली वाचा. कळप वीसपट वाढला, पण नमुने २५ वरून २९ वर गेले, एवढंच. शंभर पक्ष्यांच्या छोट्या शेतकऱ्याला आणि दोन हजार पक्ष्यांच्या मोठ्या फार्मला जवळपास तेवढ्याच नळ्या भराव्या लागतात. हे ऐकून छोट्या शेतकऱ्याला अन्याय वाटतो, आणि खर्चाच्या बाजूने पाहिलं तर तो आहेच. आता दुसरी आडवी ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. शोधायची लागण दहापट विरळ झाली की नमुने आठपट होतात. म्हणून व्यवहारात १० टक्क्यांचा निकष धरतात, आणि चाचणी थोडी चुकणार हे गृहीत धरून २८ चे ३० करतात. फ्लू कळपात झपाट्याने पसरतो. काही आठवड्यांनी पाहिलं तर दहातल्या एका पक्ष्याच्या रक्तात तरी त्याची खूण सापडेल, हा त्यामागचा विचार. हळूहळू पसरणाऱ्या रोगांना हा निकष लावला तर फसगत होते.

या तक्त्यात एक अट दडलेली आहे. नमुन्यासाठी धरलेला प्रत्येक पक्षी चिठ्ठी टाकून निवडल्यासारखा असला पाहिजे. शहामृग अडीच मीटर उंच, शंभर किलोंच्या पुढचा, ताशी ७० किलोमीटरने धावणारा पक्षी आहे. त्याची लाथ पुढच्या दिशेला बसते आणि ती माणसाचा जीव घेऊ शकते. त्याला पकडायचं म्हणजे अनुभवी माणसं लागतात. डोक्यावर कापडी टोपी चढवून डोळे झाकले की तो शांत होतो, मग त्याला अरुंद आडोशात उभं करून पंखाच्या किंवा मानेच्या शिरेतून रक्त घेतात. अशा कामात जे पक्षी सहज हाती लागतात तेच धरले जातात. दूरच्या कोपऱ्यात, पाणथळीजवळ चरणारे राहून जातात. आणि रानपक्ष्यांशी जास्त संपर्क नेमका त्यांचाच आलेला असतो. कागदावरची ९५ टक्के खात्री मैदानात किती उरते, हे त्या दिवशी फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसांच्या चिकाटीवर ठरतं.

कोंबडीवरून ठरलेलं नाव

एवढा खटाटोप कशाला, मेलेले पक्षी मोजले की झालं, असं वाटणं साहजिक आहे. कोंबड्यांच्या बाबतीत ते बरंचसं चालतंही. अतिघातक बर्ड फ्लू शेडमध्ये शिरला की दोन-चार दिवसांत ९० ते १०० टक्के कोंबड्या मरू शकतात. मालकाला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.

‘अतिघातक’ हे नाव मुळात कोंबडीवरूनच ठरलेलं आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार चार ते आठ आठवड्यांच्या कोंबड्यांना विषाणू टोचायचा. दहा दिवसांत त्यातल्या ७५ टक्के मेल्या, किंवा आजाराच्या तीव्रतेचा निर्देशांक १.२ च्या वर गेला, तर तो विषाणू अतिघातक. दुसरा मार्ग जनुकांचा. विषाणूच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन जिथे चिरलं जातं, तिथल्या अमिनो आम्लांची रचना तपासायची आणि ज्ञात अतिघातक विषाणूंशी ताडून पाहायची. दोन्ही मार्गांत शहामृग कुठेच नाही. कोंबडीला मारणारा विषाणू प्रौढ शहामृगाच्या अंगात शिरला तर तो पक्षी दोन-चार दिवस मलूल दिसतो, हिरवट लघवी करतो, किंवा काहीच दाखवत नाही. कळप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून विषाणू फिरत राहतो.

पिल्लांत मर होते, पण तिथे दुसरी अडचण आहे. शहामृगाची पिल्लं रोगाविनाही फार मरतात. पहिल्या तीन महिन्यांत ३० ते ५० टक्के पिल्लं गमावणारे फार्म दुर्मीळ नाहीत. थंडी, पायातले दोष, गवताने किंवा वाळूने चोंदलेलं पोट, पोटातला जिवाणूसंसर्ग अशी अनेक कारणं. समजा १,००० पिल्लं आहेत आणि ९० दिवसांत त्यातली ४०० जाणार आहेत. म्हणजे रोज सरासरी साडेचारच्या आसपास. सरासरी इतकी असली की निव्वळ योगायोगानेसुद्धा दर सहा-सात दिवसांतून एकदा ७ किंवा जास्त पिल्लं एकाच दिवशी मरतात, असं गणित सांगतं. आता नव्या साथीने रोज दोन-तीन पिल्लं जास्त मरू लागली, तर पहिल्या आठवड्यात ती साथ आहे हे कोण ओळखणार? थंडीची लाट आली असेल, असं म्हणून वहीत आकडा लिहिला जातो आणि पान उलटलं जातं.

मृत्यूची वही ठेवायलाच हवी, पण शहामृगांत तिच्यावर भिस्त ठेवून चालत नाही. दक्षिण आफ्रिका हा धडा भारी किंमत देऊन शिकली.

क्लाइन कारू

वेस्टर्न केप प्रांताच्या अंतर्भागात, दोन डोंगररांगांच्या मधल्या कोरड्या पट्ट्याला क्लाइन कारू म्हणतात. आउटसहूर्न हे त्यातलं मुख्य गाव. जगातल्या शहामृग-उत्पादनांचा सुमारे ७० टक्के वाटा दक्षिण आफ्रिकेचा आणि त्याचं केंद्र हे गाव. पहिल्या महायुद्धाआधी शहामृगाची पिसं या देशाच्या निर्यातीत सोनं, हिरे आणि लोकर यांच्या पाठोपाठ चौथ्या क्रमांकावर होती. १९१४ मध्ये तो बाजार कोसळला आणि या भागातली अनेक घरं रस्त्यावर आली. पुढे कातडं आणि मांस यांवर धंदा पुन्हा उभा राहिला. तांबडं पण कमी चरबीचं हे मांस युरोपात खपू लागलं. युरोपला कच्चं मांस पाठवायचं म्हणजे देशात अतिघातक बर्ड फ्लू नाही, हे आकड्यांनी दाखवावं लागतं. ही अट पुढे कळीची ठरली.

ऑगस्ट २००४ मध्ये ईस्टर्न केप प्रांतातल्या शहामृगांत एच५एन२ हा अतिघातक विषाणू सापडला. हजारो पक्षी मारण्यात आले आणि युरोपची दारं बंद झाली. २००६ मध्ये वेस्टर्न केपमध्ये त्याच उपप्रकाराचा विषाणू पुन्हा दिसला. एप्रिल २०११ मध्ये तो थेट क्लाइन कारूत, धंद्याच्या गाभ्यात, आला. या वेळी साथ आटोक्यात आणेपर्यंत ४० हजारांहून अधिक शहामृग मारावे लागले. कच्च्या मांसाची युरोपातली निर्यात २०१५ पर्यंत बंद राहिली. मधल्या काळात आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला तापवलेलं मांस पाठवण्याची वाट काढली गेली, कारण तेवढ्या उष्णतेत विषाणू टिकत नाही.

या साथींत कळपाचे कळप कोसळून पडल्याची दृश्यं नव्हती. साथ किती फार्मांवर पसरली आहे, हे नमुन्यांनी दाखवलं. बाहेरून निरोगी दिसणारे पक्षी प्रयोगशाळेच्या कागदावरून मारले गेले, आणि ते ज्यांनी वाढवले त्यांना हे पटवून देणं हे सरकारी पशुवैद्यांचं सगळ्यात अवघड काम होतं. मला ही बाब फार महत्त्वाची वाटते. कोंबड्यांच्या फार्मवर मालक स्वतःच्या डोळ्यांनी संकट पाहतो. शहामृगांच्या फार्मवर त्याला एका आकड्यावर विश्वास ठेवून आपली जन्माची कमाई मारायला द्यायची असते. तो आकडा कसा आला, तो कितपत खरा आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत सांगणं हा पाळतीचा भाग आहे. सौजन्य म्हणून केलेली जास्तीची गोष्ट म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

२००४ नंतर तिथे पाळतीचं जाळं विणलं गेलं. शहामृगांच्या फार्मची नोंदणी, ठरावीक महिन्यांनी कळपाचं रक्त, पक्षी एका फार्मवरून दुसरीकडे हलवण्याआधी तपासणी, कत्तलीआधी तपासणी आणि प्रत्येक हालचालीला परवाना. या सगळ्यात मला परवाना सर्वांत मोलाचा वाटतो. शहामृगाच्या धंद्यात पिल्लं एका फार्मवर उबवतात, दुसऱ्यावर वाढवतात, तिसऱ्यावर वजनाला आणतात. अंडं ४२ दिवसांत फुटतं आणि पक्षी दहा ते चौदा महिन्यांत कत्तलीला जातो. एवढ्या काळात तो दोन-तीनदा ट्रकमध्ये चढला, तर विषाणूला पंखांची गरज उरत नाही.

रानपक्षी हा दुसरा मार्ग. शहामृगांना शेडमध्ये कोंडता येत नाही. उघड्या वाड्यांत खाद्याच्या आणि पाण्याच्या टाक्यांवर रानबदकं, हंसबदकं, शराटी हक्काने येतात. खाद्य झाकून ठेवणं, पाण्यात क्लोरीन टाकणं, तळ्याकाठचे वाडे रिकामे ठेवणं असे उपाय केले जातात. त्यांनी धोका कमी होतो, पण शून्यावर येत नाही.

चाचणी खोटं बोलते तेव्हा

चाचण्यांचा एक हिशोब वाचकाने स्वतः करून पाहावा असा आहे. एखादी रक्तचाचणी निरोगी पक्ष्याला १०० पैकी ९९ वेळा बरोबर निरोगी ठरवते, असं धरा. ऐकायला उत्तम. आता पूर्णपणे निरोगी कळपातून ३० नमुने घ्या. तिसांपैकी एकही चुकून ‘लागण’ न दाखवण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के. उरलेल्या २६ टक्के वेळा एक तरी नमुना खोटा बोलेल. चाचणी ९९ ऐवजी ९८ टक्के अचूक असेल, तर हेच प्रमाण ४५ टक्क्यांवर जातं.

निरोगी असे ३०० फार्म असतील तर एका फेरीत ७८ फार्मांवर खोटी हाक उठेल. वर्षाला दोन फेऱ्या केल्या तर १५६ वेळा. प्रत्येक हाकेला फार्म बंद करून कळप मारायचा ठरवला, तर रोगाआधी पाळतच धंदा संपवेल. म्हणून दुसरी चाचणी लागते. पहिल्या चाचणीत सापडलेल्या पक्ष्याचं रक्त वेगळ्या पद्धतीने तपासायचं आणि दोन्हींनी होकार दिला तरच संशय धरायचा. दोन चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे चुकत असतील, तर खोट्या हाका ७८ वरून एका फार्मवर येतात. अर्थात याची किंमत मोजावी लागते. खऱ्या रुग्णांपैकी पहिली चाचणी ९५ टक्के पकडत असेल आणि दुसरी ९० टक्के, तर दोन्हींच्या चाळणीतून साडेपंच्याऐंशी टक्केच पार होतात.

शहामृगाच्या बाबतीत दोन खास अडचणी आहेत. कोंबड्यांसाठी तयार केलेल्या बऱ्याच एलायझा चाचण्या कोंबडीचं प्रतिपिंड ओळखणाऱ्या रसायनावर चालतात. शहामृगाचं प्रतिपिंड त्या रसायनाला ओळखीचं नसतं. म्हणून इथे स्पर्धात्मक एलायझा वापरतात, ज्यात पक्ष्याची जात कोणती याला महत्त्व उरत नाही. अशी चाचणी फ्लूच्या ए गटातल्या कुठल्याही विषाणूचं प्रतिपिंड दाखवते. पक्ष्यांत एच१ ते एच१६ असे सोळा मुख्य उपप्रकार फिरतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, फक्त एच५ आणि एच७ यांच्यात अतिघातक होण्याची खोड. त्यामुळे पहिला होकार आला की पुढे हे प्रतिपिंड एच५ चं की एच७ चं की आणखी कशाचं, हे रक्तपेशींच्या गुठळ्या रोखणाऱ्या चाचणीने पाहतात. तिथे १:१६ इतकं पातळ केलेलं रक्तद्रवही काम करत असेल तर होकार धरतात. दुसरी अडचण याच टप्प्यावर येते. शहामृगाचं रक्तद्रव कोंबडीच्या रक्तपेशींना आपोआपच चिकटवू शकतं. ते आधी कोंबडीच्या रक्तपेशींसोबत ठेवून साफ करून घेतलं नाही, तर निकाल बिघडतो. प्रयोगशाळेतला एखादा नवखा माणूस ही पायरी विसरला, तर दूर कुठल्या तरी गावातल्या शेतकऱ्याचं फाटक बंद होऊ शकतं.

प्रतिपिंड मागच्या काळाची साक्ष देतं. आत्ता विषाणू आहे का, हे घशातल्या आणि गुदद्वाराच्या स्वॅबवर पीसीआर करून कळतं. दोन्ही लागतात, कारण त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत. समजा एका पक्ष्याच्या स्वॅबमध्ये विषाणू दहा दिवस सापडतो आणि कळपाची तपासणी १८० दिवसांतून एकदा होते. त्या पक्ष्याची लागण नेमकी तपासणीच्या दिवशी सापडण्याची शक्यता साडेपाच टक्के. रक्तातलं प्रतिपिंड तीन महिने टिकत असेल तर ही शक्यता ५० टक्क्यांवर जाते. म्हणून सहामाही फेरीत रक्त आणि ट्रक हलण्याआधी स्वॅब, अशी विभागणी शहाणपणाची ठरते. खर्च वाचवायला पाच-पाच स्वॅब एका नळीत घालून ३० पक्ष्यांचं काम ६ चाचण्यांत उरकतात. नळीत होकार आला की मग त्या पाच पक्ष्यांकडे स्वतंत्रपणे वळायचं.

२००९ मध्ये जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाने या सगळ्याला वेगळंच गांभीर्य आणलं. फ्लूच्या विषाणूत पीबी२ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या ६२७ व्या जागी पक्ष्यांतल्या विषाणूत एक अमिनो आम्ल असतं, सस्तन प्राण्यांत रुळलेल्या विषाणूत बहुधा दुसरं. सस्तन प्राण्यांना सोयीचा हा बदल शहामृगांत निवडला जाऊ शकतो, असं त्या संशोधकांना एच५एन१ च्या बाबतीत दिसलं. शहामृग आजारी दिसत नाही, हे कळपाच्या मालकाला दिलासादायक वाटेल. पण विषाणू शांतपणे राहून माणसाच्या दिशेने बदलण्याची सोय त्याला मिळत असेल, तर त्या शांततेचं मोल वेगळं लावावं लागतं. निव्वळ ‘होकार’ किंवा ‘नकार’ एवढ्यावर न थांबता सापडलेल्या विषाणूची जनुकं वाचणं हा आता पाळतीचा भाग झाला आहे, तो यामुळेच.

गोचिडीचे १४ दिवस

१९९६ मध्ये आउटसहूर्नच्या एका शहामृग-कत्तलखान्यातले १७ कामगार क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाने आजारी पडले. हा ताप हायलोमा जातीच्या गोचिडीतून पसरतो. माणसांत त्याने मृत्यूचं प्रमाण मोठं असतं. बहुतेक पक्ष्यांना याची लागण होतच नाही. शहामृग त्याला अपवाद, आणि त्याच्यात रोगाचं एकही लक्षण दिसत नाही.

साथीनंतर संशोधकांनी नऊ तरुण शहामृगांना हा विषाणू टोचून काय होतं ते पाहिलं. रक्तात तो पहिल्या ते चौथ्या दिवसापर्यंत सापडला. प्लीहा, यकृत, मूत्रपिंड या अवयवांत पाचव्या दिवसापर्यंत. मांसात लागण करू शकेल असा जिवंत विषाणू सापडला नाही. या मोजक्या आकड्यांवरून सरळ उपाय निघाला. कत्तलीआधी १४ दिवस पक्षी गोचीडमुक्त ठेवायचा. पाच दिवसांची मुदत, त्याच्या जवळजवळ तिप्पट अवधी. शेवटची गोचीड चावून गेली असेल तरी कत्तलखान्यात पोचेपर्यंत विषाणू संपलेला असतो.

या साथीचा अभ्यास मला शहामृगांवरच्या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर वाटतो. नऊ पक्षी, पाच दिवस, एक नियम. हजारो पक्ष्यांचं रक्त तपासत बसण्याऐवजी गोचीड मोजायची आणि दिवस मोजायचे. आजही कत्तलखान्यात शहामृग सोलणाऱ्या कामगाराचं रक्षण त्या १४ दिवसांवर उभं आहे. हे कामगार रोजंदारीवरचे असतात आणि त्यांची नावं कुठल्या निर्यातीच्या अहवालात येत नाहीत.

बाकीच्या रोगांचं आणि इमूंसारख्या मोठ्या न उडणाऱ्या पक्ष्यांचं थोडक्यात. इमूंना १९९१ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस या डासांतून पसरणाऱ्या रोगाने गाठलं. घोड्यांत मेंदूवर जाणारा हा रोग इमूंत रक्ती जुलाबाच्या रूपात आला. घोड्यांची लस इमूंना टोचून तो रोखण्याचा मार्ग अमेरिकेत वापरला गेला. राणीखेत, म्हणजे न्यूकॅसल रोग, शहामृगांना होतो पण कोंबड्यांइतका वेगाने पसरत नाही. त्यावर लस आहे.

६९ मृत्यू आणि ४१ मिनिटं

२८ डिसेंबर २०२४ ला कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेच्या दूरध्वनीवर एक निनावी फोन आला. ब्रिटिश कोलंबियातल्या एजवुड गावाजवळच्या एका फार्मवर शहामृग मरत आहेत, असा निरोप होता. ३१ डिसेंबरला दोन मेलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांत एच५एन१ निश्चित झाला. निकाल आल्यावर ४१ मिनिटांत संपूर्ण कळप नष्ट करण्याचा आदेश निघाला. त्या साथीत एकूण ६९ पक्षी मेले आणि ४०० च्या आसपास उरले. मालकांनी न्यायालयात दाद मागितली, आंदोलनं झाली, अमेरिकेतल्या राजकारण्यांनीही यात उडी घेतली. मे २०२५ मध्ये संघीय न्यायालयाने, ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने आदेश कायम ठेवला. ६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि त्यानंतर उरलेले ३०० हून अधिक पक्षी मारण्यात आले.

६९ भागिले सुमारे ४७० म्हणजे १५ टक्के मृत्यू. कोंबड्या असत्या तर वाद घालायला कळप उरला नसता. उरलेले ८५ टक्के पक्षी तगले, त्यांच्यात रोगप्रतिकार आला, त्यांना मारू नका, असा मालकांचा मुद्दा होता. भावनेच्या बाजूने तो मला समजतो. चाळीस वर्षं जगू शकणाऱ्या पक्ष्याला माणूस नावाने ओळखू लागतो. पण आकड्यांच्या बाजूने पाहू. ४०० पक्ष्यांच्या कळपात १ टक्का पक्षीही विषाणू बाहेर टाकत नाहीत, असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर सुमारे २१० पक्ष्यांचे स्वॅब हवेत, सगळे नकारात्मक हवेत, आणि हे एकदा करून भागत नाही. शिवाय तळी, चिखल, विष्ठा यांत थंडीत विषाणू आठवडेच्या आठवडे टिकतो. पक्षी दिसायला बरे आहेत, हा पुरावा शहामृगाच्या बाबतीत किती कमजोर आहे, हे दक्षिण आफ्रिकेने वीस वर्षांपूर्वीच दाखवलं होतं.

मात्र सगळा वाद ३१ डिसेंबरनंतरच्या दहा महिन्यांवर झाला आणि २८ डिसेंबरच्या आधीचे दिवस झाकोळले गेले. आजार आणि मृत्यू न कळवल्याबद्दल आणि विलगीकरणाचे नियम न पाळल्याबद्दल फार्मला २०,००० डॉलरचा दंड झाला. कॅनडात मारलेल्या शहामृगामागे जास्तीत जास्त ३,००० डॉलर भरपाई मिळते. आता प्रजननाच्या मादीचा हिशोब करा. वर्षाला ५० अंडी, निम्मी फुटली, त्यातली ६० टक्के पिल्लं जगली, तर एका मादीपासून वर्षाला १५ पक्षी, आणि हे अनेक वर्षं. असा कळप बांधायला आयुष्य जातं. एका पक्ष्याच्या किमतीची भरपाई त्या जुळवणीची किंमत भरत नाही. फोन उचलला की सगळं जाणार आणि नाही उचलला तर कदाचित काही होणार नाही, असं ज्याला वाटतं तो थांबून पाहतो. शहामृगांत तो जास्त दिवस थांबू शकतो, कारण पक्षी मरत नाहीत. म्हणून पहिला पक्षी मेल्यापासून पहिला फोन येईपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा प्रत्येक साथीच्या अहवालात सर्वांत वर छापला जावा, असं माझं मत आहे. भरपाईची रक्कम ठरवणाऱ्यांनी तो समोर ठेवून बसावं.

आपल्याकडचे इमू

भारतात शहामृगांचे फार्म मोजके, पण इमूंचा बहर आपण पाहिला आहे. दोन हजारच्या दशकात आंध्र, तामिळनाडू आणि महाराष्ट्रातही इमूपालनाची लाट आली. तेल, मांस, कातडं, अंडी अशी स्वप्नं दाखवून जोड्या विकल्या गेल्या. २०१२ मध्ये तामिळनाडूत पेरुंदुराईची गुंतवणूक योजना बुडाली, हजारो पक्षी उपाशी पडले आणि सरकारला त्यांच्या खाद्याची सोय करावी लागली. खरं गिऱ्हाईक कधी नव्हतंच. पक्ष्यांच्या जोड्या पुढच्या शेतकऱ्याला विकणं हाच धंदा होता, आणि साखळी तुटल्यावर शेवटच्या माणसाच्या अंगणात पक्षी उरले. 

महाराष्ट्राला पक्ष्यांतल्या साथीची ओळख जुनी आहे. देशातला पहिला एच५एन१ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला सापडला. आज एखाद्या गावात बर्ड फ्लू निश्चित झाला की त्याच्याभोवती १ किलोमीटरचं वर्तुळ आखून त्यातले पाळीव पक्षी मारतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. लहान वर्तुळ ३.१४ चौरस किलोमीटरचं, मोठं ३१४ चौरस किलोमीटरचं, म्हणजे शंभरपट. त्या ३१४ चौरस किलोमीटरमध्ये किती पोल्ट्री शेड आहेत, हे पशुधन अधिकाऱ्याला साधारण ठाऊक असतं. पण कुणाच्या शेतघरात, रिसॉर्टच्या आवारात किंवा हुरडा पार्टीच्या मळ्यात हौसेने ठेवलेले दोन-चार इमू त्याच्या यादीत बहुधा नसतात. सुरुवातीच्या तक्त्यातल्या सूत्राला कळपात पक्षी किती, हा आकडा आधी लागतो. तोच नसेल तर नमुने किती घ्यायचे, हा प्रश्नच उभा राहत नाही.

ज्यांच्याकडे आज इमू किंवा शहामृग आहेत त्यांना आत्ताच करता येण्यासारखं काम फार थोडं आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांची संख्या आणि ठिकाण लेखी कळवावं. रोज तीन आकडे लिहावेत: मेलेले पक्षी, संपलेलं खाद्य, प्यायलेलं पाणी. आजार डोळ्यांना दिसण्याआधी खाणं-पिणं घटतं. म्हणून दोन दिवस सलग खाद्य कमी संपलं, तर पक्षी मरण्याची वाट न पाहता फोन करावा. मेलेला पक्षी स्वतः कापून पाहू नये, पुरूही नये. नमुना पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात आणि तिथून गरज पडल्यास भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जाईपर्यंत त्या वाड्यातला माणूस, त्याचे बूट आणि त्याची बादली दुसऱ्या वाड्यात जाऊ देऊ नये.